व्हर्जिनिया गव्हर्नर निवडणूक, १७७९

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या विधिमंडळाने १ जून १७७९ रोजी टॉमस जेफर्सन यांची गव्हर्नरपदी केलेली अप्रत्यक्ष निवड. वसाहतकाळात गव्हर्नर ब्रिटिश राजसत्तेच्या नावाने कारभार पाहत असल्याने प्रबळ कार्यकारी सत्तेविषयी अविश्वास रुजला होता. म्हणून १७७६ च्या राज्यघटनेने हे पद थेट जनमतावर न सोपवता दोन्ही सभागृहांच्या संयुक्त गुप्त मतदानावर सोपविले (पहा : अमेरिकन क्रांती). मुदत एक वर्षाची असे, सलग तीन वर्षांनंतर चार वर्षे अपात्रता येई व नकाराधिकार नव्हता. पहिले गव्हर्नर पॅट्रिक हेन्‍री यांची तीन वर्षे भरल्याने १७७९ मध्ये पद रिकामे झाले.

प्रतिनिधिगृह व सेनेट आपापल्या जागी मतदान करीत, मतपेट्या परिषद-कक्षात ठेवल्या जात आणि उभय सभागृहांची समिती त्या एकत्र तपासून आकडे कळवीत असे. पहिल्या फेरीत जेफर्सन यांना ५५, जॉन पेज यांना ३८ व टॉमस नेल्सन यांना ३२ मते मिळाली. बहुमत कोणासही नसल्याने पेज यांच्याशी दुसरी फेरी होऊन जेफर्सन ६७ विरुद्ध ६१ मतांनी, म्हणजे अगदी थोडक्यात, निवडून आले. (पहा : जेफर्सन, टॉमस).

विधिमंडळावर अवलंबून असलेल्या या पदाची दुर्बलता १७८१ च्या ब्रिटिश आक्रमणात उघड झाली. विधिमंडळाच्या हाती झालेल्या सत्तेच्या या केंद्रीकरणावर जेफर्सन यांनीच पुढे ‘नोट्स ऑन द स्टेट ऑफ व्हर्जिनिया’ या ग्रंथात टीका केली. तरी गव्हर्नरची थेट निवडणूक १८५१ च्या राज्यघटनेनेच आली.