दिनविशेष : १ मार्च – पलटणचे विजेतेपद आणि कर्णधाराचा गुडघा

२०२४ साली आजच्या दिवशी हैदराबादेत पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून प्रो कबड्डीचे पहिले विजेतेपद मिळवले. कर्णधार होता अस्लम इनामदार. पण पुढच्याच हंगामात गुडघ्याच्या दुखापतीने तो स्पर्धेबाहेर गेला आणि चांगली सुरुवात केलेला गतविजेता संघ बाद फेरीसुद्धा गाठू शकला नाही. संघाचे भवितव्य लिलावाइतकेच खेळाडूच्या गुडघ्यावर ठरते, हे त्या हंगामाने दाखवले.

यावर आक्षेप येईल की, खरी उणीव विजेत्या संघातील बचावपटू मोहम्मदरेझा शादलूईची होती. तो हरियाणाकडे गेला आणि त्याच हंगामात, तेही पुण्यातच, हरियाणा विजेता ठरला. हे खरे आहे. त्याच्या जाण्याने बचाव दुबळा झाला. मात्र शादलूई जाणार हे लिलावातच कळले होते, त्यानुसार संघ बांधता आला. दुखापत अशी सवड देत नाही. शिवाय अस्लम चढाई करतो, पकडीतही उतरतो. अशा खेळाडूची जागा एक बदली खेळाडू भरत नाही. २०२५ मध्ये तो कर्णधार म्हणून परतला आणि पलटण पुन्हा अंतिम फेरीत पोहोचली.

व्यावसायिक संघाजवळ अशा दुखापतीसाठी फिजिओ असतो. सोलापूर जिल्ह्यातल्या वळसंगसारख्या गावात मातीवर खेळणाऱ्या पोराजवळ तो नसतो. म्हणून गावोगावच्या प्रशिक्षकांना विनंती : सुजलेल्या गुडघ्याने कुणालाही चढाईला पाठवू नका, आधी सोलापूरला नेऊन डॉक्टरांना दाखवा.