न आलेल्या रुग्णांची यादी

आजचा विषय वैद्यकीय नोंदींचा इतिहास. विषय रुक्ष वाटेल, पण आपल्यापैकी ज्यांना रक्तदाब किंवा मधुमेह आहे, त्यांच्या आयुष्याशी त्याचा थेट संबंध आहे.

फौजेत रोज हजेरी होते. ती घ्यायची ती गैरहजर कोण हे कळावे म्हणून. वैद्यकीय तपासणीचेही तसेच. मन, श्रवण, हातपाय, शारीरिक क्षमता आणि दृष्टी या पाच बाबींवर सैनिकाची श्रेणी ठरते. तिला ‘शेप’ म्हणतात. श्रेणी खाली आली की फेरतपासणीची तारीख ठरते. त्या दिवशी जवान गेला नाही, तर त्याची युनिटच त्याला शोधते. बाहेरच्या जगात मात्र उलटा रिवाज आहे. दुखले तर रुग्णाने जायचे, आणि तो गेलाच नाही तर दवाखान्याला पत्ताही नसतो.

हा रिवाज मोडणाऱ्यांत एक ठळक नाव म्हणजे डॉ. ज्युलियन ट्युडर हार्ट. 1961 मध्ये ते दक्षिण वेल्समधल्या ग्लिनकॉरग या खाणकामगारांच्या गावात आले. ब्रिटनमध्ये 1948 पासून सरकारी आरोग्यसेवा होती आणि प्रत्येक नागरिक एखाद्या डॉक्टरच्या यादीत नोंदलेला असे. इतर डॉक्टरांसाठी ती यादी म्हणजे कचेरीचे काम. हार्ट यांनी तिचा हजेरीपट केला. 1968 पासून त्यांनी गावातल्या जवळजवळ प्रत्येक प्रौढाचा रक्तदाब मोजला. माणूस खोकल्यासाठी आला तरी दंडाला पट्टा बांधला जाई. रक्तदाब वाढला तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही, म्हणून वाट पाहण्यात अर्थ नव्हता. पुढे 1991 मध्ये त्यांनी पंचवीस वर्षांचा हिशेब प्रसिद्ध केला. 65 वर्षांखालील मृत्यूंचे प्रमाण शेजारच्या तशाच गावापेक्षा 28 टक्क्यांनी कमी होते. संगणक नव्हे, बहुतेक काम कागदावरच झाले होते.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था उभी केली. तिथे बाळंतपणे घरी होत आणि आजारी नवजात बाळ दवाखान्यापर्यंत पोहोचतच नसे. मग 39 गावांत थोडे शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. गावातल्या गर्भवतींची यादी तिच्याजवळ असे. जन्मानंतर पहिल्या महिन्यात ती ठरल्या दिवशी घरी जाई, वजन करी, ताप पाही, श्वास मोजी आणि छापील तक्त्यात लिही. तक्ता धोका दाखवू लागला की उपचार तिथेच सुरू. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला. आज देशभर आशा कार्यकर्त्या नवजात बाळांच्या घरी ठरलेल्या दिवशी जातात, त्यामागे ही वाट आहे.

तिसरा टप्पा मोबाईलचा. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम पहिल्या टप्प्यात पाच राज्यांत आला, त्यांत महाराष्ट्र होता. सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा, भंडारा हे आपले जिल्हे. इथे ‘सिंपल’ नावाचे ॲप वापरात आले. रुग्णाला एक कार्ड मिळते. नर्स त्यावरचा कोड स्कॅन करते, रक्तदाब आणि औषध भरते. पण ॲपचा खरा उपयोग वेगळाच आहे: ठरल्या तारखेला जे आले नाहीत त्यांची यादी ते समोर ठेवते, आणि नर्स फोन लावते. ग्लिनकॉरगचा कागद आणि गडचिरोलीचा तक्ता जे करत होते, तेच हे काम.

आता आमच्या नोएडाकडे पाहा. उंच इमारती, मोठी खासगी रुग्णालये, प्रत्येकाकडे संगणक. एकाच माणसाची शुगर एकीकडे, ईसीजी दुसरीकडे, औषधाची चिठ्ठी तिसरीकडे. 27 सप्टेंबर 2021 रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर जाहीर झाले, आणि आभाचा 14 अंकी क्रमांक मिळू लागला. विखुरलेल्या नोंदी रुग्णाच्या संमतीने जोडण्याची ही सोय चांगली आहे. ती जरूर घ्या. पण क्रमांक म्हणजे हजेरीपट नव्हे. नोंदी जोडल्या गेल्या तरी ‘हा माणूस माझ्या यादीतला, तीन महिने का आला नाही?’ असे विचारणारा डॉक्टर किंवा नर्स लागतेच. इथल्या सोसायट्यांत एकटी राहणारी कितीतरी वृद्ध जोडपी कुणाच्याच यादीत नाहीत.

इतिहास इतकेच सांगतो की साधन बदलत गेले. जीव वाचले ते यादी हातात घेऊन दार ठोठावणाऱ्यामुळे. तेव्हा आपल्या भागातल्या आरोग्यकेंद्रात गेलात, तर ‘संगणक आहे का’ एवढ्यावर थांबू नका. ‘न आलेल्यांची यादी कोण पाहते?’ हेही विचारा. उत्तर देणारा माणूस असेल, तर ते केंद्र चांगले समजा.

जय हिंद.