फुकटचा ब्राउझर आणि मराठीचे हरवलेले दप्तर

इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले, वाड्यांच्या माळ्यांवरचे रुमाल त्यांनी खाली उतरवले आणि १८९८पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे २२ खंड त्यातून उभे राहिले, हे या धाग्याच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. आजचा धागाही एका माळ्याविषयीच आहे. फक्त तेथे रुमाल नाहीत. पिवळट पडलेले संगणकाचे डबे आहेत.

१९९५ ते २०१० या पंधरा वर्षांत मराठी माणूस टपालाकडून ईमेलकडे आणि छापील पानाकडून पडद्याकडे वळला. या काळातले काय आज वाचता येते आणि काय कायमचे गेले, हे बऱ्याच अंशी एका क्षुल्लक वाटणाऱ्या निवडीने ठरले: घरच्या संगणकावर कोणता फुकट ब्राउझर आणि कोणता फुकट ईमेल प्रोग्राम होता. राजकीय इतिहासाच्या तुलनेत हा विषय किरकोळ वाटेल. पण साधनांचा प्रश्न इतिहासात किरकोळ नसतो.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केले, ते मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथे. पुण्याचा क्रमांक त्यानंतर लवकरच लागला. स्वस्तातले खाते ‘शेल’ प्रकारचे असे: पडद्यावर चित्र नाही, माउसचा उपयोग नाही, केवळ अक्षरे. या खात्यावर पाने पाहायला ‘लिंक्स’ आणि पत्रांना ‘पाइन’ हे दोन फुकट प्रोग्राम असत. दोन्ही केवळ रोमन लिपी जाणणारे. म्हणजे मराठी माणसाची पहिली ईमेल पत्रे मराठीत असली, तरी रोमन अक्षरांत आहेत. पोर्तुगीज अमदानीत गोव्यात रोमन लिपीत छापलेल्या फादर स्टीफन्सच्या ‘क्रिस्तपुराणा’नंतर मराठीवर पुन्हा अशी वेळ यावी, ही गंमतच म्हणायची.

अहमदनगरला (२०२४पासून अधिकृतपणे अहिल्यानगर) हे सारे उशिरा पोचले. इंटरनेटचे केंद्र १२० किलोमीटरवर पुण्यात असताना नगरहून ते लावायचे म्हणजे एसटीडीचा मीटर चालू ठेवून पाने वाचायची. तालुक्याच्या गावी घरगुती संगणकाला खरा अर्थ आला तो बीएसएनएलच्या ‘संचारनेट’मुळे. १७२२३३ हा क्रमांक फिरवला की स्थानिक कॉलच्या दराने जोडणी मिळे. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना मोडेमची ती किरकिर अजून ऐकू येत असेल.

स्थानिक दर असला तरी मीटर चालूच असे. ईमेल प्रोग्रामचे महत्त्व समजायचे असेल, तर हे बिल डोळ्यांसमोर ठेवले पाहिजे. साबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ रोजी सुरू केलेले हॉटमेल फुकट होते. पण ते ब्राउझरमध्ये उघडावे लागे, आणि पत्र वाचताना, उत्तर लिहिताना, अगदी शब्द आठवत बसतानाही फोनचे पैसे पडत. संगणकावर बसवलेल्या ईमेल प्रोग्रामची रीत निराळी. जोडणी करायची, आलेली पत्रे उतरवून घ्यायची, लिहून ठेवलेली पाठवायची आणि फोन ठेवून द्यायचा. वाचन-लेखन नंतर सावकाश. थोडक्यात, टपालपेटी दिवसातून दोनदा उघडणाऱ्या पोस्टमनची शिस्त.

या कामासाठी फुकट पर्याय पुष्कळ होते. इलिनॉय विद्यापीठात स्टीव्ह डॉर्नर याने १९८८मध्ये लिहिलेला ‘युडोरा’, न्यूझीलंडच्या डेव्हिड हॅरिसचा ‘पेगासस मेल’, आणि विंडोजबरोबर आपोआप येणारा ‘आउटलुक एक्सप्रेस’. बहुसंख्य घरांत तिसराच राहिला. तो चांगला होता म्हणून नव्हे, तर आधीपासून होता म्हणून. ब्राउझरचीही तीच गोष्ट. नेटस्केप कंपनीने आपला ब्राउझर जानेवारी १९९८मध्ये सर्वांना मोफत केला, तोवर मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर विंडोजच्या अंगाचाच भाग होऊन बसला होता. त्यावरून अमेरिकेत सरकारने १९९८मध्ये भरलेला खटला प्रसिद्ध आहे. त्याच्या तपशिलात येथे शिरत नाही. कारण मराठी वाचकाला इंटरनेट एक्सप्लोररशी बांधून ठेवणारे खरे कारण त्या खटल्यात नव्हतेच. ते आपल्या जोडाक्षरांत होते.

हा भाग नीट समजून घेऊ. त्या काळच्या फॉन्टमध्ये २५६ खणांची जागा असे, त्यातलेही काही राखीव. इंग्रजीला ती पुरून उरे. देवनागरीला मात्र अक्षरे, मात्रा, अर्धी रूपे, रफार, रकार आणि ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘द्ध’, ‘ह्म’ यांसारखी जोडाक्षरे असा मोठा गोतावळा बसवायचा होता. छापखान्यातल्या खिळेजुळाऱ्यांना ही अडचण जुनीच. एकोणिसाव्या शतकात मराठी मुद्रकांनी शेकडो खिळे पाडून ती सोडवली. नगरमध्ये १८४२ साली सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’सारख्या नियतकालिकांचा काळ याच खटपटींचा आहे. संगणकाने खण वाढवून दिले नाहीत, तेव्हा फॉन्ट बनवणाऱ्यांनी एक युक्ती केली. रोमन अक्षराच्या खणात मराठी अक्षराचे चित्र ठेवायचे. यंत्राच्या लेखी ते रोमन अक्षरच. डोळ्याला मात्र मराठी दिसे.

युक्ती चांगली होती, पण प्रत्येकाने खणांचा नकाशा स्वतःचा केला. पुण्याच्या मॉड्युलरची ‘श्रीलिपी’, ‘आकृती’, सी-डॅकचे फॉन्ट, घरोघरी पसरलेला ‘शिवाजी’. एकाच्या ‘क’च्या खणात दुसऱ्याचा निराळाच वर्ण. पुण्यातल्या सी-डॅकने भारतीय लिप्यांसाठी समान संकेतावर परिश्रम घेतले होते आणि १९९१मध्ये ‘इस्की’ हे भारतीय मानकही ठरले होते. पण वेबवर प्रत्येक प्रकाशकाने आपापला फॉन्ट रेटला. परिणाम असा, की शिवाजी फॉन्टमध्ये लिहिलेले पत्र ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला निरर्थक रोमन अक्षरांची रास म्हणून दिसे. दिवाळीच्या शुभेच्छा पाठवायच्या तर आधी फॉन्ट पाठवावा लागे. म्हणून कित्येकांनी मराठीचा नाद सोडून रोमन लिपीच पत्करली.

मोडीशी या प्रकाराची तुलना करण्याचा मोह होतो. माझ्या मते ती अर्धीच जुळते. मोडी वाचणारे कमी झाले; पण जो शिकेल त्याला पेशवे दप्तरातला कागद आजही वाचता येतो. फॉन्टबद्ध मजकुरात मात्र अक्षर मुळात नोंदलेलेच नाही. नोंद आहे ती खणाच्या क्रमांकाची. कोणत्या फॉन्टचा खण हे कळले नाही, तर कितीही विद्वत्ता असून उपयोग नाही.

वृत्तपत्रांनी यावर ‘डायनॅमिक फॉन्ट’चा उपाय काढला: पानासोबत फॉन्टही आपोआप यायचा. पण मायक्रोसॉफ्टची पद्धत वेगळी आणि नेटस्केपची वेगळी. नेटस्केप मागे पडला तशी त्याची पद्धतही बाद झाली, आणि भारतीय भाषांची अनेक संकेतस्थळे ‘हे पान इंटरनेट एक्सप्लोररमध्ये पाहा’ अशी पाटी लावून मोकळी झाली. मराठी वाचायचे असेल त्याला दुसरा ब्राउझर निवडण्याची मुभाच उरली नाही. वस्तू फुकट होती, निवड नव्हती.

दुसरीकडे नेटस्केपने जाता जाता एक मोठे काम केले होते. ३१ मार्च १९९८ रोजी त्याने आपल्या ब्राउझरची मूळ संहिता सर्वांसाठी खुली केली. त्यातून मोझिला प्रकल्प वाढला आणि ९ नोव्हेंबर २००४ रोजी ‘फायरफॉक्स’ची पहिली पूर्ण आवृत्ती आली. पुढच्याच महिन्यात त्याचा ईमेलमधला भाऊ ‘थंडरबर्ड’ आला. फायरफॉक्स विंडोजसाठी पाच मेगाबाइटांहूनही लहान होता. तरी डायलअपवर तो उतरवायला वीसेक मिनिटे लागत, आणि मध्ये कोणी फोन उचलला की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून ‘डिजिट’, ‘चिप’ यांसारख्या मासिकांबरोबर येणाऱ्या सीडीची वाट पाहिली जाई.

मराठी घरात फायरफॉक्सची पहिली ओळख मात्र सुखाची नव्हती. फॉन्टबद्ध वृत्तपत्रे त्यात दिसत नसत. युनिकोडमधले मराठी दिसे, पण विंडोज एक्सपीत भारतीय लिप्यांची सोय आधी चालू करावी लागे, आणि त्यासाठी विंडोजची मूळ सीडी हवी. असेम्बल केलेल्या संगणकासोबत ती मिळेलच असे नव्हते. सोय चालू नसली की ऱ्हस्व वेलांटी आपल्या अक्षराच्या मागे जाऊन पडे आणि ‘किती’ हा साधा शब्दही मोडून पडे. अनेकांनी ‘याला मराठी येत नाही’ असा शेरा मारून तो काढून टाकला. दोष कुठे होता हे त्यांना कळण्याचा काही मार्ग नव्हता.

चित्र बदलले ते लिहिणाऱ्यांमुळे. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. २००४मध्ये आलेल्या ‘मनोगत’ने युनिकोडमध्ये थेट मराठी लिहायची सोय दिली. पुढे ओंकार जोशी यांच्या ‘गमभन’ने ब्राउझरच्या खिडकीतच मराठी टंकलेखन आणले. आता कोणताही फॉन्ट पाठवायला नको होता. अक्षर प्रथमच अक्षर म्हणून नोंदले जात होते आणि म्हणून शोधता येत होते. याच मंडळींनी ब्राउझरला ‘न्याहाळक’ आणि ईमेलला ‘विरोप’ असे शब्द रुळवण्याचा प्रयत्न केला. पहिला मला आवडतो. दुसरा तोंडात बसला नाही.

याच सुमारास खुद्द केंद्र सरकारने घरगुती संगणकासाठी फुकट ब्राउझर आणि ईमेल प्रोग्राम वाटायला घेतले, हे आज फारसे कोणाला आठवत नाही. माहिती-तंत्रज्ञान खात्याने २००५च्या एप्रिलमध्ये तमिळ आणि जूनमध्ये हिंदी सॉफ्टवेअरची सीडी प्रसिद्ध केली. त्यानंतरच्या काळात मराठीसह इतर भाषांच्याही निघाल्या. तीत फॉन्ट, कळफलक, ओपनऑफिसचे भारतीय रूप, त्या त्या भाषेतला फायरफॉक्स आणि ईमेल प्रोग्रामही होता. संकेतस्थळावर नाव नोंदवले की सीडी टपालाने विनामूल्य घरी येई. कल्पना उत्तम होती. पण आज्ञा मराठीत असलेला ब्राउझर उघडून ज्या वृत्तपत्रांकडे जायचे, ती तेव्हा जुन्याच फॉन्टमध्ये अडकलेली होती. दार नवे आणि घर कुलूपबंद, अशी ती अवस्था. शिवाय संगणक शिकवणाऱ्या वर्गांत बहुतेक ठिकाणी विंडोजमधलेच प्रोग्राम शिकवले जात. सवय तीच लागली.

कुलूप काही अंशी उघडले ते ‘पद्म’ या फायरफॉक्सच्या पूरकाने. नागार्जुन वेन्ना यांनी ते मुळात तेलुगूसाठी लिहिले. पुढे देवनागरीचे अनेक फॉन्टही त्यात आले. फॉन्टबद्ध पान उघडले की हे पूरक खणांचे क्रमांक वाचून त्याचे तेथल्या तेथे युनिकोडमध्ये लिप्यंतर करी. इतिहासाच्या भाषेत बोलायचे तर हा मोडीचा चालता-बोलता जाणकार होता, आणि तो केवळ खुल्या ब्राउझरमध्येच नांदू शकत होता. इंटरनेट एक्सप्लोररचा दरवाजा बाहेरच्यांना असा मोकळा नव्हता. पुढे १४ नोव्हेंबर २०१७ रोजी फायरफॉक्सच्या ५७व्या आवृत्तीने जुन्या रचनेची सगळी पूरके एका फटक्यात निकामी केली. खुलेपणाचीही किंमत असते, ती अशी.

आता पत्रांकडे येऊ. थंडरबर्ड आपली पत्रे ‘एमबॉक्स’ या जुन्या, सर्वांना ठाऊक असलेल्या पद्धतीने ठेवतो. युडोराही त्याच्याच जवळची पद्धत वापरी. ही साधी मजकुराची फाइल असते, एकामागे एक पत्रे जोडलेली. पाण्याने भिजलेल्या वहीसारखी ती मधूनच फाटली, तरी उरलेली पाने वाचता येतात. आउटलुक एक्सप्रेसची ‘डीबीएक्स’ फाइल कंपनीच्या स्वतःच्या बांधणीची. ती दोन गिगाबाइटांच्या जवळ गेली की बिघडे, आणि विंडोज व्हिस्टापासून तो प्रोग्रामच नाहीसा झाला.

हॉटमेलवाल्यांचे नुकसान याहून मोठे. दोन मेगाबाइटांची ती पेटी भरली की जुनी पत्रे पुसावी लागत. याहू ग्रुप्सवर मराठी मंडळींचे कितीतरी गट होते. डिसेंबर २०१९ ते जानेवारी २०२० या काळात त्यांचा सारा मजकूर हटवला गेला आणि १५ डिसेंबर २०२० रोजी ती सेवाही संपली. त्या गटांतली चर्चा आज कोठे सापडेलच, तर ज्या सभासदाने ती ईमेल प्रोग्राममध्ये उतरवून घेतली होती त्याच्या घरी. नेवासे, संगमनेर, श्रीरामपूर, कोठेही.

तेव्हा घरात किंवा नात्यात जुना संगणक असेल आणि तो भंगारात निघत असेल, तर त्याची हार्ड डिस्क आधी काढून घ्या. थंडरबर्डची फाइल ‘इनबॉक्स’ या नावाची असेल आणि तिला विस्तारनाव नसेल. ती आजच्या थंडरबर्डमध्ये उघडा, म्हणजे संकेतबद्ध मराठीही नीट दिसेल. डीबीएक्स असेल तर मूळ फाइलला हात न लावता प्रत करून प्रतीवरच रूपांतराचा प्रयोग करा. आणि ‘फॉन्ट्स’ या फोल्डरची प्रत घ्यायला विसरू नका. मजकूर फॉन्टबद्ध निघाला, तर त्याची किल्ली तेथेच असते.