‘पॉकेमॉन’ खेळमालिका : गुण, तांत्रिक दोष आणि प्रतींचा प्रश्न

व्हिडिओ गेम हा इतिहास-संशोधनाचा विषय होऊ शकतो, हे म्हणणे कित्येकांस अद्याप रुचत नाही. ज्या वस्तूचे आयुष्य तीस वर्षांच्या आसपास आहे आणि जिचे पहिले ग्राहक शाळकरी मुले होती, तिच्यासाठी दफ्तरे व पोथ्या बाजूस ठेवाव्यात असे प्रस्तुत लेखकाचेही म्हणणे नाही. परंतु पोथीच्या अभ्यासातून आपण जी दृष्टी मिळविली, ती दृष्टी ह्या नव्या साधनास लावून पाहण्यास हरकत नसावी. विदर्भातील अभ्यासकास तर हे विशेष सोपे जावे. महानुभावांच्या पोथ्या, त्यांची सकळ लिपी, एका लीळेचे अनेक पाठ आणि प्रत करणाऱ्याच्या हातून शिरलेले दोष ह्यांचा विचार आपल्याकडे दोन-तीन पिढ्या झाला आहे. डॉ. वि. भि. कोलते ह्यांनी संपादिलेले ‘लीळाचरित्र’ इ. स. १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा पाठभेद म्हणजे केवळ अडचण नसून तोच पुरावा असतो, ही गोष्ट वाचकांपुढे पुन्हा एकदा ठसठशीतपणे आली. ‘पॉकेमॉन’ ह्या जपानी खेळमालिकेचे गुणदोष पाहताना हीच गोष्ट ध्यानी ठेवावी लागते. ह्या खेळातील दोष वगळून त्याचा इतिहास लिहिता येत नाही.

आणखी एक कारण आमच्या जिल्ह्याचे आहे. यवतमाळ, पुसद, वणी अशा गावांत ही मालिका उलट्या क्रमाने आली. जपानात प्रथम खेळ आला आणि मागाहून चित्रमालिका आली. इकडे इ. स. २००३ पासून दूरचित्रवाणीवर चित्रमालिका दिसू लागली; मग वेफर्सच्या पाकिटांतून निघणाऱ्या चकत्या मुलांनी जमविल्या; आणि खेळ आला तो सर्वांत शेवटी, तोही मूळ यंत्रावर नव्हे, तर संगणकावर उतरविलेल्या विनापरवाना प्रतींच्या रूपाने. निन्टेन्डो कंपनीची हातात धरावयाची यंत्रे आमच्याकडील दुकानांत सहसा दृष्टीस पडत नसत. म्हणजे येथील मुलांनी जो ग्रंथ वाचला तो मूळ नव्हता, प्रतीची प्रत होती. ह्या गोष्टीचे महत्त्व पुढे दिसेल.

मालिकेचे जनक सातोशी ताजिरी हे इ. स. १९६५ मध्ये जन्मले. तोक्योच्या सीमेवरील माचिदा येथे लहानपणी किडे पकडण्याचा त्यांना नाद होता. शहर वाढत गेले तसतशी तेथील शेते व तळी बुजली आणि किडेही नाहीसे झाले, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. इ. स. १९८३ मध्ये त्यांनी ‘गेम फ्रीक’ नावाचे एक लहानसे नियतकालिक काढले, त्यास केन सुगिमोरी ह्यांची चित्रे मिळू लागली, आणि त्याच नावाची कंपनी इ. स. १९८९ मध्ये स्थापन झाली. त्याच वर्षी निन्टेन्डोचे ‘गेम बॉय’ हे यंत्र बाजारात आले होते. दोन यंत्रे एका केबलीने जोडता येतात हे पाहून ताजिरींना त्या तारेवरून एका यंत्रातून दुसऱ्यात जाणारा किडा सुचला, असा वृत्तान्त आहे. कल्पना सुचण्यापासून ‘रेड’ व ‘ग्रीन’ ह्या दोन आवृत्त्या २७ फेब्रुवारी १९९६ रोजी विक्रीस येईपर्यंत सुमारे सहा वर्षे गेली.

येथे एक विषयांतर करावेसे वाटते. खेळाच्या आरंभी भेटणाऱ्या प्राण्यांत एक अळी आहे. ती कोशात जाते व तिचे फुलपाखरू होते. माचिदाच्या मुलास हे नवल वाटावे. कापूस पिकविणाऱ्या यवतमाळच्या मुलास अळी म्हटली की प्रथम बोंडअळीच आठवते. इ. स. २०१७ च्या हंगामात कीटकनाशकांच्या फवारणीतून विषबाधा होऊन ह्याच जिल्ह्यातील शेतकरी व शेतमजूर दगावले, हे वाचकांस ठाऊक आहेच. त्यामुळे किडा हा सवंगडी असू शकतो ही कल्पना येथे आपसूक पटण्यासारखी नव्हती. तरीही ती पटली, हा मालिकेचा एक गुणच म्हणावा लागेल.

गुणांपैकी मुख्य गुण योजनेचा आहे. दोन आवृत्त्या काढून प्रत्येकीतून काही प्राणी मुद्दाम वगळण्यात आले. संग्रह पुरा करावयाचा तर दुसऱ्या आवृत्तीचा धनी असलेला सोबती शोधणे भाग पडते. एकट्याने खेळावयाच्या वस्तूत असा शेजार गुंफणे ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती. दुसरा गुण काटकसरीचा. ‘गेम बॉय’ची कार्यस्मृती अवघी ८ किलोबाइट, पडदा १६० × १४४ बिंदूंचा, छटा चार. एवढ्या जागेत १५१ प्राणी, त्यांची चित्रे, त्यांच्या परस्परसंबंधांचे कोष्टक आणि एक सलग प्रदेश बसविणे हे काम मोठ्या कौशल्याचे होते. त्या कौशल्याच्या शिवणी कोठे उसवल्या, हे पाहू गेल्यास दोषांचा उगम सापडतो.

सर्वांत प्रसिद्ध दोष ‘मिसिंगनो’ ह्या नावाने ओळखला जातो. त्याचा अर्थ ‘हरवलेला क्रमांक’. इ. स. १९९८ मध्ये निघालेल्या इंग्रजी आवृत्तीत तो आढळतो. विरिडियन नावाच्या गावात एक वृद्ध मनुष्य प्राणी कसा पकडावा ह्याचे प्रात्यक्षिक दाखवितो. तेवढ्या वेळापुरते पडद्यावर खेळाडूऐवजी त्या वृद्धाचे नाव यावयाचे असते, म्हणून खेळाडूचे नाव तात्पुरते अन्यत्र ठेवणे प्राप्त होते. ते ठेवले गेले गवतात भेटणाऱ्या प्राण्यांच्या यादीच्या जागी. एरव्ही ह्यात अपाय नाही, कारण पुढील गवताळ प्रदेशात शिरताच तेथील यादी त्या जागेवर लिहिली जाते व नाव पुसले जाते. परंतु तेथून उडून थेट सिनबार बेटावर गेल्यास, त्या बेटावर गवतच नसल्याने, नवी यादी येत नाही. त्यात भर अशी की बेटाच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या पाण्याच्या पट्टीत यंत्र पाण्याची यादी न वाचता गवताची वाचते. परिणामी खेळाडूच्या नावातील अक्षरांचे संकेतांक हेच प्राण्यांचे क्रमांक म्हणून वाचले जातात. प्राण्यांच्या कोष्टकात जागा १९० आणि प्राणी १५१. उरलेल्या ३९ रिकाम्या जागांपैकी एखादीवर बोट पडले की ‘मिसिंगनो’ प्रकट होतो. त्याचे दर्शन होताच पिशवीतील सहाव्या वस्तूची संख्या १२८ ने वाढते, आणि त्याचे विस्कटलेले चित्र उलगडताना विजेत्यांच्या नोंदी बिघडतात.

ह्या दोषाचे तीन भाग आहेत, आणि तिन्ही स्वतंत्रपणे निरुपद्रवी आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. नाव तात्पुरते ठेवणे ही काटकसर, जुनी यादी न पुसणे हीही काटकसर, किनाऱ्याची पट्टी हे केवळ अनवधान. तिन्ही एकत्र आली तेव्हा अनर्थ झाला. मुलांनी मात्र त्याला अनर्थ मानले नाही. त्यांनी त्याचा विधी बनविला आणि तो तोंडोतोंडी जगभर पसरविला. छापील पुस्तकाच्या बाहेर चालणाऱ्या मौखिक परंपरेचे इतके स्वच्छ उदाहरण अलीकडच्या काळात क्वचितच मिळेल.

दुसरा दोष अभ्यासकाच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. पहिल्या आवृत्त्यांत मनःशक्तीच्या वर्गातील प्राणी बेसुमार प्रबळ ठरले. खेळातीलच एक पात्र सांगते की हे प्राणी भुतांना भितात. परंतु कोष्टकात पाहावे तर भुतांच्या वर्गातील आघाताचा त्यांच्यावर काहीच परिणाम होत नाही. संवाद एक सांगतो, कोष्टक दुसरेच. कर्त्याचा हेतू कोणता होता ह्याविषयी येथे शंका राहत नाही, कारण इ. स. १९९९ च्या ‘गोल्ड’ व ‘सिल्व्हर’ ह्या आवृत्त्यांत कोष्टक संवादाप्रमाणे दुरुस्त झाले. अंतर्गत पुराव्यावरून पाठशुद्धी कशी करावी हे विद्यार्थ्यांस शिकवावयाचे असेल तर ह्याहून सुटसुटीत धडा सापडणे कठीण. शंभर टक्के अचूक म्हणून नोंदलेला आघातही २५६ वेळांत एकदा चुकतो, हा त्याच जातीचा दोष. ० ते २५५ मधील एक संख्या यदृच्छेने निवडली जाते, अचूकता २५५ म्हणून लिहिलेली असते, आणि निवडलेली संख्या त्याहून ‘लहान’ आहे काय एवढेच यंत्र तपासते. ‘समान’ हा पर्याय विसरला गेला आहे.

प्रक्षेपाचेही उदाहरण आहे. १५१ वा प्राणी ‘म्यू’ हा मूळ योजनेप्रमाणे खेळाडूच्या हाती यावयाचा नव्हता. चाचणीची साधने काढून टाकल्यावर सुमारे ३०० बाइट जागा मोकळी झाली, तेव्हा शिगेकी मोरिमोतो ह्यांनी तो त्या जागेत घातला. चाचणी संपल्यावर असा हस्तक्षेप करणे हे शिस्तीला सोडून होते. पण ही वार्ता मुलांत पसरली, ‘कोरोकोरो’ मासिकाने वीस जणांना म्यू देण्याची सोडत जाहीर केली, आणि अठ्ठ्याहत्तर हजार अर्ज आले. मंदपणे खपणाऱ्या खेळास त्यातून जी गती मिळाली ती पुढे थांबली नाही. केबलीच्या बाबतीतही गुण आणि दोष असेच एका जागी नांदतात. देवघेव चालू असता नेमक्या क्षणी एक यंत्र बंद केल्यास एकाच प्राण्याच्या दोन प्रती होत. कारण एका बाजूची नोंद पुरी झालेली असे व दुसरीची नसे.

‘गोल्ड’ व ‘सिल्व्हर’मध्ये प्राणी २५१ झाले. चित्रे संकोचित करण्याची साधने सातोरू इवाता ह्यांनी तयार करून दिली. मागाहून निन्टेन्डोचे अध्यक्ष झालेला हा गृहस्थ मुळात हाडाचा प्रोग्रामर होता. ह्या आवृत्तीत खरे घड्याळ आले, दिवस व रात्र आली, आणि तिच्यासोबत एक मंद विषही आले. खेळाच्या नोंदी कार्ट्रिजमधील बटणाएवढ्या सेलवर टिकून असतात आणि घड्याळही त्याच सेलवर चालते, त्यामुळे तो लवकर संपतो व नोंदी नाहीशा होतात. इ. स. २००२ च्या ‘रूबी’ व ‘सॅफायर’मध्ये नोंदी सेलवर अवलंबून राहिल्या नाहीत, पण घड्याळाच्या हिशेबात चूक राहिल्याने सुमारे वर्षभराने दिवसांवर चालणाऱ्या घटना, विशेषतः फळझाडांची वाढ, थबकू लागल्या. त्याहून मोठा अपराध असा की जुन्या आवृत्त्यांतील प्राणी ह्या आवृत्त्यांत आणता येईनात. संग्रह करा असे सांगणाऱ्या मालिकेने संग्राहकाचा पहिला संग्रह असा वाऱ्यावर सोडला.

पुढील टप्प्यांविषयी थोडक्यात सांगितले तरी पुरे. इ. स. २००६ च्या ‘डायमंड’ व ‘पर्ल’ ह्या आवृत्त्या संथपणासाठी कुप्रसिद्ध झाल्या. इ. स. २०१३ च्या ‘एक्स’ व ‘वाय’मध्ये एका शहराच्या ठरावीक भागात नोंद केल्यास खेळ गोठत असे, पण ती दुरुस्ती त्याच महिन्यात इंटरनेटवरून पाठविण्यात आली. ही घटना क्षुल्लक वाटली तरी तिच्यामुळे दोषाचे स्वरूपच पालटले. तोवर दोष कार्ट्रिजमध्ये कोरलेला असे. आता तो मागाहून पुसता येऊ लागला, आणि जे मागाहून पुसता येते ते घाईने लिहिले जाते. इ. स. २०१९ च्या ‘सोर्ड’ व ‘शील्ड’मध्ये सर्व प्राणी आणता येणार नाहीत असे कर्त्यांनी आधीच जाहीर केले. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी निघालेल्या ‘स्कार्लेट’ व ‘व्हायोलेट’च्या एक कोटीवर प्रती पहिल्या तीन दिवसांत खपल्या, आणि त्याच प्रतींत चित्रे अडखळत होती, पात्रे जमिनीतून आरपार जात होती, महिना उलटण्यापूर्वी कंपनीस दिलगिरी व्यक्त करावी लागली. पहिल्या आवृत्तीतील दोष जागेच्या टंचाईतून उद्भवले होते. येथे टंचाई होती ती वेळेची, आणि ती कंपनीने स्वतःच ओढवून घेतलेली होती. माझ्या मते ह्या दोन दोषांस एकाच तराजूत तोलणे अन्यायाचे होईल.

‘पॉकेमॉन गो’ हा मोबाइलवरील खेळ जुलै २०१६ मध्ये निघाला व त्याच वर्षी डिसेंबरात रिलायन्स जिओच्या सहकार्याने भारतात अधिकृतपणे आला. त्यातील थांबे मुख्यत्वे ‘इन्ग्रेस’ ह्या इ. स. २०१२ मधील जुन्या खेळाच्या खेळाडूंनी सुचविलेल्या स्थळांवरून घेतले होते. भारतात त्यांत जिओशी संबंधित दुकानांची भर पडली. हे दोन्ही स्रोत शहरी. झरी-जामणी किंवा मारेगाव ह्यांसारख्या तालुक्यांतील खेळाडूच्या वाट्यास अशा योजनेत फारसे काही येणार नाही, हे उघड आहे. शहराने गिळलेली शेते व किडे ज्याच्या स्मरणातून ही मालिका निघाली, तिचा हा अवतार टिपेश्वरच्या जंगलापेक्षा मोबाइलच्या दुकानात अधिक फळतो. इ. स. २०२३ मध्ये ह्या खेळास हिंदी रूप मिळाले व आठशेंवर प्राण्यांस हिंदी नावे देण्यात आली.

आता आमच्याकडील प्रतींविषयी. यवतमाळ येथील एका संगणक-केंद्रात प्रस्तुत लेखकाने ‘एमराल्ड’ ही आवृत्ती प्रथम पाहिली. खेळ सुरू होताच पडद्यावर इंग्रजीत सूचना येई की आतील सेल संपला आहे, खेळ चालेल, परंतु वेळेवर अवलंबून असलेल्या घटना घडणार नाहीत. संगणकात सेल कोठला? मूळ कार्ट्रिजमधील घड्याळाची नक्कल एम्युलेटरने केलेली नव्हती, आणि खेळ आपल्या परीने खरे तेच सांगत होता. ‘फायररेड’च्या प्रतीत तर नोंद करू जाता एक परिपथ-पट्टी बसविलेली नाही असा संदेश येई व तासन्‌तास खेळलेले वाया जाई. आम्ही हे दोष कर्त्यांचे समजलो. सर्व विजेते पार केल्यावर खेळ संपतो तो अशाच संदेशाने, अशी एका वर्गमित्राची ठाम समजूत होती. ते लिपिकाचे दोष होते. ‘रूबी’मधील खुंटलेले फळझाड आणि संगणकावरील प्रतीतले खुंटलेले फळझाड पडद्यावर सारखेच दिसते; एकाचे कारण कर्त्याच्या हिशेबात आहे, दुसऱ्याचे प्रतकाराच्या हातात. ज्या प्रती आमच्या जिल्ह्यातील मुलांनी खेळल्या, त्या त्या संगणकांबरोबर भंगारात गेल्या. आणि जपानातील अस्सल कार्ट्रिजांचे सेलही ह्याच वर्षांत एकामागून एक संपत आहेत.