भेडाघाटच्या नायिका

अद्भुतरम्य कादंबऱ्यांच्या मालांना अलीकडे पुन्हा चांगले दिवस आले आहेत. एक कल्पित राज्य, मंत्रसिद्ध तलवारी, बोलणारी जनावरे, आणि या सर्वांच्या मध्यभागी एक करारी तरुणी, असा त्यांचा सामान्यतः थाट असतो. घरातील मुले अशा मालेचे पाच-सहा खंड सुट्टीत वाचून संपवितात आणि मग वडीलधाऱ्यांना अडचणीत टाकणारे प्रश्न विचारतात. जबलपूरला बदलून आलेल्या एका स्नेह्यांच्या कन्येने भेडाघाटच्या वाटेवर असाच प्रश्न टाकला : “काका, आपल्या जुन्या वाङ्मयात अशी नायिका नव्हतीच का?”

प्रश्न साधा होता. पण ज्या रस्त्यावर तो विचारला गेला तो रस्ता साधा नव्हता. जबलपूरहून भेडाघाटकडे जाताना तेवर नावाचे खेडे लागते. ही कलचुरींची राजधानी त्रिपुरी. संस्कृत नाट्यवाङ्मयातील एका अद्भुतरम्य नायिकेने प्रथम रंगभूमीवर पाऊल ठेवले ते याच गावी, हजार-अकराशे वर्षांपूर्वी. म्हणून त्या मुलीच्या प्रश्नाचा विचार तेथेच सुरू करावा हे सोयीचे.

तत्पूर्वी एक कसोटी ठरवून घेतली पाहिजे. नायिकेच्या हाती तलवार आहे की नाही, एवढ्यावरून ती समर्थ ठरत नाही. कथेला जेथे वळण मिळते, तेथे ते वळण तिच्या निर्णयाने मिळते की दुसऱ्या कोणाच्या, हे पाहावयाचे. या कसोटीवर पुष्कळ ग्रंथ उतरत नाहीत. आपल्या मराठी कादंबरीचे बालपण अद्भुताच्याच अंगणात गेले. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ साली निघाली आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ साली. दोन्ही ग्रंथांना नावे नायिकांची. परंतु ग्रंथाला नाव देणे निराळे आणि ग्रंथाला गती देणे निराळे.

हीच गोष्ट राजशेखराच्या बाबतीत अधिक ठळकपणे दिसते. राजशेखर हा यायावर कुळातला. त्याचा पणजा अकालजलद याला महाराष्ट्राचा चूडामणी म्हणत, म्हणजे हा कवी मुळात आपल्याकडचाच. परमुलुखात नोकरीनिमित्त आयुष्य काढणाऱ्या मंडळींना त्याच्याविषयी आपुलकी वाटावी अशी त्याची जीवनकथा आहे. कनोजच्या महेंद्रपालाचा तो गुरू झाला, पुढे महीपालाच्या पदरी राहिला, आणि त्रिपुरीच्या पहिल्या युवराजदेवाच्या दरबारातही त्याने मान मिळविला. ‘कर्पूरमंजरी’ आणि ‘विद्धशालभंजिका’ या त्याच्या दोन कृती म्हणजे एका जातीच्या कथेचे जणू दोन खंड होत.

‘कर्पूरमंजरी’ सर्वस्वी प्राकृतात आहे. तिचा पहिला प्रयोग कवीची पत्नी अवंतिसुंदरी हिच्या इच्छेवरून झाला. त्यात भैरवानंद नावाचा एक सिद्ध राजाला विचारतो, काय चमत्कार दाखवू? विदूषक सुचवितो की दक्षिणेत वच्छोम नगरात आपण एक सुंदर मुलगी पाहिली आहे, तिला येथे आणावे. हे वच्छोम म्हणजे वत्सगुल्म, आपल्या विदर्भातील वाशीम. भैरवानंद योगबळाने तिला तेथल्या तेथे हजर करतो. स्नानाहून आलेली ती कुंतल देशाची राजकन्या गोंधळून राजसभेत उभी राहते, आणि नाटकाच्या अखेरीस, राणीला चकवून, लाटदेशाची कन्या म्हणून तिचे राजाशी लग्न लावून दिले जाते. कारण तिचा पती चक्रवर्ती होणार असे भाकीत असते.

‘विद्धशालभंजिका’ तर युवराजदेवाच्या आज्ञेने त्रिपुरीतच झाली. येथे नायिका मृगांकावली ही लाटाधिपती चंद्रवर्म्याची कन्या. पुत्र नसल्यामुळे बापाने तिला मुलगा म्हणून मृगांकवर्मा या नावाने राजाकडे पाठविलेले असते. पुरुषवेषातील राजकन्या! आजच्या कादंबरीकाराने या कल्पनेतून तीन खंड काढले असते. राजशेखराने मात्र तो वेष विनोदाच्या कामी लावला. राजाला ती प्रथम दिसते ती स्वप्नासारख्या प्रसंगात. नंतर तिची कोरीव मूर्ती दिसते, आणि राजा मोत्यांचा हार त्या मूर्तीच्या गळ्यात घालतो. या मूर्तीवरूनच नाटकाचे नाव पडले आहे. पुढे राणी मदनावती थट्टेने या ‘मुलाला’ नवरीचा पोशाख चढवून राजाशी त्याचे लग्न लावते, आणि थट्टा तिच्याच अंगलट येते. कारण नवरी खरोखरच नवरी निघते. हा सारा डाव मंत्री भागुरायणाने रचलेला. मृगांकावलीचा पती सार्वभौम होणार हे त्याला ठाऊक होते.

म्हणजे एका ग्रंथात सिद्धाने आणि दुसऱ्यात मंत्र्याने कथा चालविली. नायिका दोन्हीकडे सार्वभौमत्वाची निशाणी म्हणून आली. तिच्यामुळे राज्य मिळते, पण तिला काय हवे हे प्रेमाच्या विषयापलीकडे कोणी विचारत नाही. भाषेचा झुळझुळता ओघ, वसंताची वर्णने, विदूषकाचे चुरचुरीत बोलणे, यांसाठी ही नाटके आजही वाचावीत. नायिकेसाठी वाचू नयेत.

याचा दोष कवीच्या मनाला देता येत नाही, हे येथे सांगितले पाहिजे. ‘काव्यमीमांसे’त याच राजशेखराने स्वच्छ म्हटले आहे की पुरुषांप्रमाणे स्त्रियाही कवी होऊ शकतात, कारण संस्कार आत्म्याच्या ठिकाणी असतो आणि तो स्त्री-पुरुष हा भेद जाणत नाही. काव्यशास्त्रातील मुद्द्यांवर तो अवंतिसुंदरीची मते आदराने नमूद करतो. घरी अशी पत्नी असलेल्या माणसाने रंगभूमीवर मात्र मृगांकावली उभी केली, याचे कारण नाटिकेच्या साच्यात आहे. हर्षाच्या ‘रत्नावली’पासून तो साचा ठरून गेला होता : अंतःपुर, मत्सरी पण अखेर मन वळणारी राणी, अज्ञात राजकन्या आणि दूरदर्शी मंत्री. साचा एकदा लोकप्रिय झाला की थोर कवीही त्याच्यापुढे मान तुकवितो. आजच्या मालांनाही हे लागू आहे. फक्त साचा बदलला आहे.

तेवर मागे टाकून भेडाघाटला आलो. बहुतेक प्रवासी धुआँधारचे तुषार अंगावर घेतात, संगमरवरी कड्यांमधून नावेत फिरतात, आणि परततात. टेकडीवरच्या शंभराहून अधिक पायऱ्या चढण्याचा उत्साह थोड्यांनाच असतो. वर पोहोचल्यावर मात्र एक विलक्षण वास्तू दिसते. आतून सुमारे ११६ फूट व्यासाचे वर्तुळाकार प्रांगण, भोवती खांबांची ओवरी, आणि तिच्यात ८१ कोनाडे. लोक याला चौसष्ट योगिनींचे मंदिर म्हणतात. संख्या मात्र चौसष्टाहून मोठी आहे. मध्यभागी गौरीशंकराचे देऊळ आहे.

कोनाड्यांतील बहुतेक मूर्ती भंगलेल्या आहेत. कोणाचे हात गेले, कोणाचे मुख. परंतु अनेकींच्या बैठकीवर नावे कोरलेली आहेत आणि अक्षरांच्या वळणावरून ती दहाव्या शतकातील मानली जातात. म्हणजे ज्या काळात खाली त्रिपुरीत मृगांकावलीचा प्रयोग झाला, त्याच शतकातील ही नावे आहेत. ती वाचीत गेले की माणूस थबकतो. रणाजिरा, म्हणजे रणांगणच जिचे अंगण. दर्पहारी, म्हणजे गर्व हरण करणारी. वायुवेगा, सर्वतोमुखी, अंतकारी, इंद्रजाली, क्षत्रधर्मिणी. ऐंगिणीला हत्तीचे मुख आहे. या यादीत ‘अमक्याची कन्या’ किंवा ‘तमक्याची प्रिया’ असा परिचय क्वचितच सापडतो. बहुतेक नावे कर्माची किंवा सामर्थ्याची आहेत. रंगभूमीवरील जिवंत नायिकेला कवीने मूर्ती करून टाकले, आणि टेकडीवरील पाथरवटांनी मूर्तींना कर्तृत्वाची नावे दिली.

तथापि येथेही थांबून चालणार नाही. देवतांना सामर्थ्य देण्यात मनुष्याचे काही जात नाही. ज्या समाजाने रणाजिरेची पूजा केली, त्याने हाडामांसाच्या स्त्रीला काय करू दिले? याचे उत्तर याच परिसरातील दोन शिलालेख देतात.

पहिला बिलहरीचा. हा शिलाखंड पुढे नागपूरच्या संग्रहालयात आला, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. युवराजदेवाची राणी नोहला हिने शिवमंदिर बांधून त्याला सात गावे दिली, असे त्यात नमूद आहे. म्हणजे ‘विद्धशालभंजिका’ पाहावयास बसलेल्या राजाच्या शेजारची खरी राणी ही होती. लेखाच्या शेवटी राजशेखराचाही उल्लेख येतो. ही रचना पाहून तोही विस्मित व्हावा, अशा अर्थाचा. नाटकातील राणी फसविली जाते. लेखातील राणी देणगी देते.

दुसरा लेख भेडाघाटचाच. तो कलचुरी संवत् ९०७, म्हणजे इ. स. ११५५ मधील आहे. अल्हणदेवी ही गुहिल राजा विजयसिंहाची कन्या, माळव्याच्या उदयादित्याची दौहित्री आणि त्रिपुरीच्या गयाकर्णाची राणी. हा लेख कोरला तेव्हा पती निवर्तला होता आणि पुत्र नरसिंह गादीवर होता. तिने येथे वैद्यनाथाचे मंदिर बांधविले. त्याला जोडून मठ, व्याख्यानशाळा आणि उद्याने केली. खर्चासाठी दोन गावे तोडून दिली आणि लाटदेशीय पाशुपत आचार्य रुद्रराशी यांच्याकडे व्यवस्था सोपविली. शशिधराने प्रशस्ती रचली, पीथे नावाच्या सूत्रधाराने वास्तू उभारली.

प्रशस्ती ही अखेर प्रशस्तीच. कुळाची थोरवी, रूपाची स्तुती, शत्रूंची दाणादाण हे सर्व तिच्यात आहे, आणि ते पुरुषांनी लिहिले आहे. परंतु मुख्य वाक्याशी आलो की कर्त्री अल्हणदेवी आहे. मंदिर तिने बांधविले, गावे तिने दिली. व्याख्यानशाळा हवी, आणि तिच्या निर्वाहाची तजवीज हवी, हे येथे नोंदले गेले ते तिचे काम म्हणून. दफ्तरात आयुष्य घालविलेल्या वाचकांना याचे महत्त्व निराळे सांगावयास नको. इमारत उभी करणे सोपे, तिचा वार्षिक खर्च कोठून भागावा हे ठरविणे कठीण.

या शिळेची पुढील कथाही नोकरपेशा माणसांचीच आहे. १८५७ च्या सुमारास सागर-नर्मदा प्रदेशात शाळातपासनीस असलेला अमेरिकन संस्कृतज्ञ फिट्झेडवर्ड हॉल याने हा लेख उजेडात आणला, आणि शिळा अमेरिकन ओरिएंटल सोसायटीच्या न्यू हेवन येथील संग्रहात गेली. किलहॉर्न यांनी तिचे पुन्हा संपादन केले. रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत व वऱ्हाडातील लेखांची सूची सरकारी नोकरी सांभाळून केली. आणि १९५५ मध्ये, म्हणजे लेखाला बरोबर आठशे वर्षे झाली तेव्हा, नागपूरच्या वा. वि. मिराशी यांचा कलचुरी-चेदी लेखांचा बृहद्ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्रिपुरीच्या राजा-राण्यांना इतिहासात स्थिर जागा मिळाली ती प्रामुख्याने या मराठी पंडिताच्या परिश्रमाने.

जबलपूरकडे वीरांगना म्हटली की राणी दुर्गावतीचे नाव निघते, आणि ते योग्यच आहे. १५६४ मध्ये आसफखानाशी लढताना तिने रणात देह ठेवला. पण रणातील मरणाखेरीज स्त्रीच्या कर्तृत्वाला दुसरे मापच नाही असे आपण मानू लागलो, तर अल्हणदेवी आपल्याला दिसणारच नाही. आजच्या कादंबरीमालांचा हाच दोष मला जाणवतो. नायिकेच्या हाती शस्त्र दिले की लेखक निश्चिंत होतो. तिने एखादी शाळा चालविली, एखादा वाद मिटविला, एखादे दान टिकेल अशा रीतीने लिहून ठेविले, तर त्याला ते कथावस्तूच वाटत नाही.

त्या मुलीला मी हे सर्व सांगितले नाही. उन्ह चढले होते. एवढेच म्हणालो की जुन्या नाटकातील नायिकेपेक्षा नाटकाबाहेरच्या राण्या अधिक समर्थ होत्या. तिने विचारले, “मग त्यांच्यावर कोणी कादंबरी का लिहिली नाही?” मजजवळ उत्तर नव्हते. तिने वही काढली आणि ओवरीतून फिरत, बैठकीवरची पुसट अक्षरे बोटाने चाचपीत, एकेक नाव उतरवून घेऊ लागली. अर्धे वर्तुळ व्हायच्या आत तिच्या वहीचे पान भरले.