विवाह केकचे आयसिंग

विवाहसमारंभात कापायच्या केकवर बाहेरून दिला जाणारा साखर, लोणी, चॉकलेट किंवा क्रीम यांचा थर. अमेरिकेत यालाच फ्रॉस्टिंग म्हणतात. वधूवर केक ठरवायला बसतात तेव्हा बोलणे चवीपासून सुरू होते. जाणता बेकरीवाला मात्र आधी तीन गोष्टी विचारतो: आत कोणता केक, मजले किती, आणि कापेपर्यंत तो किती तास कुठे उभा राहणार. या उत्तरांतच निवडीचा बराचसा निकाल लागतो. चवीला उरलेल्या जागेत आपली सोय पाहावी लागते.

पांढऱ्या विवाह केकची आज जगभर पसरलेली परंपरा मुळात ब्रिटिश आहे. एलिझाबेथ रॅफल्ड या मँचेस्टरच्या दुकानदार बाईंनी 1769 मध्ये छापलेल्या पाकपुस्तकात वधूच्या केकची कृती आहे आणि तिच्या जोडीला दोन आयसिंगच्या कृती: आधी बदामाचे, त्यावर साखरेचे. ही जोडगोळी पुढे दोनशे वर्षे टिकली. त्या काळी साखर जितकी शुभ्र तितकी महाग, म्हणून पांढरा केक हा यजमानाच्या ऐपतीचा पुरावा होता. 10 फेब्रुवारी 1840 रोजी राणी व्हिक्टोरियाच्या लग्नात जो केक होता तो सुमारे 300 पौंडांचा, म्हणजे 136 किलोंच्या आसपास. पण मजले त्याला नव्हते. ती एकच प्रचंड चकती होती आणि तिच्यावर साखरेची ब्रिटानिया वधूवरांना आशीर्वाद देत उभी होती. 1858 मध्ये राणीच्या थोरल्या कन्येच्या लग्नातल्या केकला उंची आली, मात्र वरचे मजले निव्वळ साखरेचे. सगळे मजले खऱ्या केकचे करण्याचे धाडस 1882 मध्ये, तिचा मुलगा राजपुत्र लिओपोल्ड याच्या लग्नात झाले.

धाडस अशासाठी की वरच्या केकचे ओझे आता खालच्या केकच्या अंगावर येणार होते, आणि ते पेलण्याचे काम आयसिंगकडेही आले. रॉयल आयसिंग हे त्याचे उत्तर. अंड्यातल्या पांढऱ्यात पिठीसाखर घोटायची, एका अंड्याला साधारण 200 ग्रॅम, आणि लिंबाचे काही थेंब. ते वाळले की खडूसारखे कडक होते. ते अगदीच दगड होऊ नये म्हणून त्यात थोडे ग्लिसरीन घालतात. पण ज्या मजल्यावर खांब उभे राहायचे असतात त्याच्या आयसिंगमध्ये जुने कारागीर ग्लिसरीन घालतच नसत. तिथे मऊपणा परवडत नाही. साखरेत किंचित पिवळी झाक राहिलीच तर पांढऱ्या कपड्यांना नीळ द्यावी तसा निळ्या रंगाचा एखादा ठिपका मिसळतात.

रॉयल आयसिंग थेट केकवर देत नाहीत. आतला केक मनुका, बेदाणे आणि दारूत मुरलेल्या सुक्या मेव्याचा, गडद रंगाचा. त्याचा ओलावा बाहेर झिरपला तर पांढऱ्यावर तपकिरी डाग उमटतात. म्हणून केकला जर्दाळूचा जॅम चोपडायचा, त्यावर मार्झिपान म्हणजे बदाम-साखरेच्या लगद्याची पोळी लपेटायची, आणि ती काही दिवस सुकू द्यायची. हा धीर धरला नाही तर बदामाचे तेल वर येऊन आयसिंग पिवळे पडते. मग साखरेचे दोन-तीन पातळ हात, प्रत्येक हात वाळल्यावर पुढचा. असा बंदिस्त केक महिनोन्महिने टिकतो. वरचा मजला पहिल्या अपत्याच्या बाप्तिस्म्यासाठी ठेवून देण्याची ब्रिटिश चाल या टिकाऊपणावरच उभी आहे. स्पंज केक आणि लोण्याच्या आयसिंगच्या जोरावर ती निघालीच नसती. गोव्यात आणि मुंबई-वसईच्या ख्रिस्ती घरांत मार्झिपान बहुधा काजूचे करतात. किनाऱ्यावर बदामापेक्षा काजू हाताशी होता, आणि चवीतही काही उणे राहत नाही.

साखरेवर किती भार होता हे युद्धकाळात दिसले. ब्रिटनमध्ये जानेवारी 1940 मध्ये साखरेवर शिधापत्रिका आली आणि त्याच वर्षी केकवर बाहेरून आयसिंग देण्यालाच बंदी झाली. लग्नाच्या फोटोपुरते पुठ्ठ्याचे किंवा प्लॅस्टरचे मजले भाड्याने मिळू लागले. त्याखाली छोटा, साधा केक झाकलेला असे. बंधने पुरती उठण्याआधीच नोव्हेंबर 1947 मध्ये राजकन्या एलिझाबेथचे लग्न झाले. तिच्या चार मजली, नऊ फूट उंच, 500 पौंडी केकसाठी लागणारे जिन्नस ऑस्ट्रेलियातून आले, तेथील गर्ल गाइड्सच्या भेटीदाखल. साखरेची शिधाबंदी 1953 मध्ये संपली.

पुढे केकच बदलला. फळांच्या जड केकची जागा हलक्या स्पंजने घेतली, आणि स्पंजवर कडक रॉयल आयसिंग शोभत नाही: सुरी लावली की वरचे कवच फुटते आणि खालचा केक दबतो. त्याला मऊ आयसिंग हवे. इथून बटरक्रीमचे राज्य सुरू होते. सर्वांत सोपे ते अमेरिकी: एक भाग लोणी, दोन भाग पिठीसाखर, फेटून मोकळे. ते भरवशाचे आहे, पण दातांना झिणझिण्या आणील इतके गोड. स्विस पद्धतीत अंड्यातले पांढरे आणि साखर गरम पाण्याच्या भांड्यावर सुमारे 71 अंश सेल्सियसपर्यंत तापवून फेसतात आणि मग लोणी मिसळतात. इटालियन पद्धतीत फेसलेल्या पांढऱ्यात 118 ते 121 अंशांचा गोळीबंद पाक धारेने सोडतात. दोन्ही कमी गोड, रेशमी. 2018 मध्ये विंडसरला राजपुत्र हॅरी आणि मेगन यांच्या लग्नात फळांच्या केकला फाटा देऊन लिंबू आणि एल्डरफ्लॉवरचा स्पंज आला आणि त्यावर स्विस बटरक्रीम. त्या केकला 20 किलो लोणी लागले. सात वर्षे आधी राजपुत्र विल्यम आणि केट यांनी मात्र आठ मजली फळांचा केकच ठेवला होता, साखरेच्या सुमारे 900 फुलांसह. दोन्ही निवडी आपापल्या केकला साजेशा होत्या. एकमेकांचे आयसिंग त्यांनी उसने घेतले असते तर दोन्ही फसले असते.

बटरक्रीमची मर्यादा लोण्याची आहे. लोण्यातली स्निग्धता 32 ते 35 अंशांना वितळते आणि त्याआधी बरीच मऊ पडते. इंग्लंडच्या मे महिन्यात ही अडचण जाणवत नाही. नागपूरच्या मे महिन्यात लॉनवर बटरक्रीमचा तीन मजली केक मांडणे म्हणजे संकटाला अक्षत देणे. नागपूरला निदान हवा कोरडी, त्यामुळे साखरेचे आयसिंग तिथे छान वाळते. कोकणात आणि गोव्यात उलट आहे. साखर हवेतले पाणी ओढून घेते, पावसाळ्यात रॉयल आयसिंग वाळता वाळत नाही, आणि फाँडंटला घाम फुटतो.

फाँडंट म्हणजे पिठीसाखर, ग्लुकोज, ग्लिसरीन, थोडी स्निग्धता आणि बहुधा जिलेटिन यांची मळलेली कणीक. लाटून केकवर घातली की कडा गुळगुळीत, पृष्ठभाग आरशासारखा. छायाचित्रांत याला तोड नाही, खाण्यात फारसे कौतुक नाही. कित्येक पाहुणे ती साल बाजूला काढून ठेवतात आणि त्यांना दोष देता येत नाही. फाँडंट ओल्या क्रीमवर घालू नये, ते विरघळते. खाली बटरक्रीम किंवा गनाश, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमचे मिश्रण, हवे. फ्रिजमधून काढलेल्या केकवर दमट हवेत दव धरते, तेव्हा केक ज्या खोक्यातून आणला त्यातच बंद ठेवून हॉलच्या तापमानाला येऊ देणे शहाणपणाचे.

उष्ण प्रदेशात कारागिरांचा ओढा गनाशकडे असतो. गडद चॉकलेट दोन भाग आणि क्रीम एक भाग हे नेहमीचे प्रमाण. पांढऱ्या चॉकलेटला तीन भाग, आणि उन्हाळ्यात त्याहूनही जास्त. ते घट्ट बसते, कडा धारदार येतात आणि वर फाँडंट नीट टेकते. आपल्याकडे सर्वाधिक चालते ते मात्र वनस्पतिजन्य स्निग्धतेचे फेटलेले क्रीम. ते स्वस्त, हलके आणि अंडेविरहित आहे. एका मजल्याच्या, वातानुकूलित हॉलमध्ये लगेच कापायच्या केकला ते पुरेसे होते. त्यावर मजले रचायचे तर आतून दांड्यांचा आधार द्यावाच लागतो.

शाकाहारी यजमानांनी केकच्या आतले विचारून थांबू नये. रॉयल आयसिंगमध्ये अंडे असते, तयार मेरिंग पावडरही अंड्याचीच. स्विस आणि इटालियन बटरक्रीम त्यातच मोडतात. फाँडंटमधले जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून निघते, आणि ही बाब अनेकांच्या लक्षातच येत नाही. जिलेटिनऐवजी वनस्पतिजन्य डिंक वापरलेले फाँडंट मिळते. पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहून घ्यावा.

मोठ्या स्वागतसमारंभांत अलीकडे थर्माकोलचे मजले सर्रास असतात. त्यांवर रॉयल आयसिंग किंवा फाँडंट आठवडाभर आधी देऊन ठेवता येते, कारण आतून ना तेल येते ना ओलावा, आणि नासण्यासारखे तर काहीच नसते. पाहुण्यांच्या ताटल्यांत पडणारे तुकडे मागे स्वयंपाकघरात कापलेल्या साध्या चौकोनी केकचे असतात, आणि त्याला मनासारखे मऊ आयसिंग देता येते. वधूवरांच्या सुरीसाठी खालच्या मजल्यात एका बाजूला खऱ्या केकची फोड बसवतात; ती बाजू छायाचित्रकाराला आधी दाखवून ठेवावी लागते.