निसर्गचित्रणाचे शिक्षण
निसर्गचित्रणाचे शिक्षण : पाने, फुले, फळे, पशुपक्षी व भूदृश्ये यांच्या निरीक्षणातून रेखन व आकृतिबंध शिकविण्याची पद्धती. महाराष्ट्रात तिची औपचारिक सुरुवात मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत झाली. जमशेटजी जीजीभाई यांनी १८५३ मध्ये दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली निघालेल्या या शाळेचा मूळ हेतू कारागिरांना शिकविण्याचा होता. जॉन लॉकवुड किपलिंग व जॉन ग्रिफिथ्स हे १८६५ मध्ये तेथे शिक्षक म्हणून आले. व्हिक्टोरिया टर्मिनसच्या (१८७८–८८) दगडी नक्षीतील पाने, पक्षी व प्राणी यांच्या घडणीत या शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता.

यूरोपीय नमुन्यांची घोटीव नक्कल हाही अभ्यासाचा भाग होताच. तिच्यावरील खरा उतारा निजामाच्या राज्यात सापडला. १८७२ ते १८८५ या काळात ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांकरवी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकीच एक. छतांवरील कमळे, हंस, फळे व हत्ती काढताना जिवंत निरीक्षणातून अलंकरण कसे सिद्ध होते, हे विद्यार्थ्यांना एतद्देशीय उदाहरणावरूनच उमगले. लंडनला पाठविलेल्या प्रतिकृतींपैकी पुष्कळशा १८८५ च्या आगीत जळाल्या. ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांचा ग्रंथ १८९६–९७ मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणून या श्रमाचे काही दर्शन आज घडते.

अजिंठा मराठवाड्यात असला, तरी त्या अभ्यासाचा लाभ मराठवाड्यातील शाळांना लवकर मिळाला नाही. हिंगोली हे त्या वेळी हैदराबाद संस्थानातील लष्करी छावणीचे गाव होते. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले व १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. त्यानंतर मुंबईच्या कलाशिक्षणाची चौकट येथे लागू झाली. १९६५ साली स्थापन झालेल्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांमुळे वस्तुचित्र, स्मरणचित्र व संकल्पचित्र हे शब्द ग्रामीण विद्यार्थ्यांच्याही परिचयाचे झाले. परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा निर्माण झाला.

या परीक्षांनी चित्रकला खेड्यापर्यंत नेली, हे खरे. परंतु शालान्त परीक्षेतील वाढीव गुणांशी त्यांची सांगड घातली गेल्यावर ठराविक चित्रे घोटून घेण्याकडे कल वाढला. समोर खरी डहाळी ठेवून ती काढावयास लावणे हे वेळखाऊ काम असते. अंगणातील रांगोळीत मात्र वेल, कमळ व मोर ही रूपे मुली आई-आजीच्या बोटांकडे पाहत शिकत आल्या. वयाची अट नसलेल्या या शिक्षणाची दखल शालेय अभ्यासक्रमाने फारशी घेतली नाही.